जोर, संस्कार आणि जडत्व : गतीच्या पहिल्या नियमाची ऐतिहासिक घडण

प्रास्ताविक

भौतिकशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमात न्यूटनचा गतीचा पहिला नियम हा सर्वांत सोपा भाग समजला जातो. त्यात समीकरण नाही, आकडेमोड नाही आणि परीक्षेत तो दोन ओळींत लिहिता येतो. बाह्य बल लागू नसेल तर स्थिर वस्तू स्थिर राहते व गतिमान वस्तू सरळ रेषेत एकसमान वेगाने जात राहते, हे विधान बहुतेक विद्यार्थी बिनचूक सांगतात. मात्र जमिनीवरून घरंगळत गेलेला चेंडू काही अंतरावर का थांबला, असे विचारले की त्यांपैकी अनेकांकडून ‘त्यातला जोर संपला’ असे उत्तर येते. पाठ असलेला नियम आणि मनातील स्पष्टीकरण यांत उघड विरोध आहे. पण तो विद्यार्थ्याला जाणवत नाही आणि पुष्कळदा अध्यापनातही तो दृष्टीआड राहतो.

‘जोर संपला’ हे उत्तर केवळ अज्ञानातून आलेले आहे, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियात, भारतातील वैशेषिक दर्शनात, चौदाव्या शतकातील पॅरिस विद्यापीठात आणि तरुण वयातील गॅलिलिओच्या लिखाणातही या उत्तराची वेगवेगळी रूपे आढळतात. ती सर्व विचारपूर्वक मांडलेली होती आणि त्यांच्या आधीच्या मतापेक्षा अधिक समाधानकारक होती. तरीही जडत्वाचा नियम म्हणजे या उत्तराची सुधारलेली आवृत्ती नव्हे. तो नियम हाती येण्यासाठी मूळ प्रश्नच बदलावा लागला. ‘वस्तू गतीत का राहते?’ या प्रश्नाच्या जागी ‘वस्तूची गती का बदलते?’ हा प्रश्न आला. या बदलाला सुमारे दोन हजार वर्षे लागली. प्रस्तुत निबंधात या बदलाचे टप्पे तपासून त्यांचा आजच्या अध्यापनाशी असलेला संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. ॲरिस्टॉटल : प्रत्येक गतीला चालक हवा

ॲरिस्टॉटलने (इ.स.पू. ३८४–३२२) पृथ्वीवरील गतीचे दोन प्रकार मानले. दगडाचे खाली पडणे किंवा ज्वालेचे वर जाणे ही स्वाभाविक गती होय. कारण प्रत्येक मूलद्रव्य आपल्या स्वाभाविक स्थानाकडे जाते. दगड वर फेकणे किंवा गाडा ओढणे ही सक्तीची गती होय आणि तिला वस्तूला स्पर्श करणारा चालक सतत आवश्यक असतो. बैल थांबले की गाडी थांबते, या नित्याच्या अनुभवाशी हे मत पूर्णपणे जुळते. घर्षणाने व्यापलेल्या जगात राहणाऱ्या कोणाही विचारी माणसाला ते मान्य व्हावे, असेच आहे.

या मांडणीतील अडचण फेकलेल्या वस्तूच्या बाबतीत उभी राहते. दगड हातातून सुटला की हाताचा स्पर्श संपतो; मग तो पुढे का जातो? ॲरिस्टॉटलचे उत्तर असे की, फेकणारा हात भोवतालच्या हवेलाही ढकलण्याची शक्ती देतो आणि हवेचा एकेक थर ती पुढील थराकडे सोपवीत दगडाला नेत राहतो. हे उत्तर आज विचित्र वाटते, परंतु चालकाचा स्पर्श आवश्यक आहे हे एकदा गृहीत धरल्यावर हवेखेरीज दुसरा चालक उपलब्धच नव्हता.

याहूनही लक्षणीय बाब त्याच्या ‘भौतिकी’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात आढळते. पोकळी अस्तित्वात असू शकत नाही हे सिद्ध करताना तो असे म्हणतो की, पोकळीत गतिमान झालेली वस्तू एका विशिष्ट ठिकाणीच का थांबावी याला कारण देता येणार नाही. म्हणून ती एक तर स्थिर राहील किंवा अधिक प्रबळ असे काही आडवे येईपर्यंत अखंड जात राहील. हा निष्कर्ष त्याला असंभाव्य वाटला आणि म्हणून त्याने पोकळीची कल्पनाच नाकारली. जडत्वाच्या नियमासारखे विधान अशा रीतीने इ.स.पू. चौथ्या शतकातच लिहिले गेले होते. फक्त ते खंडनासाठी लिहिले गेले होते. विधान सुचणे आणि त्याला निसर्गनियम म्हणून स्वीकारणे यांत केवढे अंतर असते, हे या उदाहरणावरून दिसून येते.

२. वस्तूत साठलेली प्रेरणा : अलेक्झांड्रिया, भारत आणि इस्लामी जग

अलेक्झांड्रियातील भाष्यकार जॉन फिलोपोनस याने इ.स. ५१७ च्या सुमारास ॲरिस्टॉटलच्या ‘भौतिकी’वर भाष्य लिहिले आणि हवा दगडाला ढकलते या मतावर थेट आघात केला. हवाच जर ढकलत असेल, तर दगड हातात धरण्याची गरजच काय? तो काठीच्या टोकावर ठेवून मागील हवा कितीही यंत्रांनी हलवली, तरी दगड हातभरही पुढे जाणार नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्याच्या मते फेकणारा हात वस्तूतच एक अमूर्त प्रेरणा उत्पन्न करतो आणि हवा उलट तिला अडथळा करते. वेगवेगळ्या वजनांच्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या तर त्यांच्या पडण्याच्या वेळांत अत्यल्प फरक आढळतो, असेही त्याने नोंदविले आहे.

भारतात वैशेषिक दर्शनाने हाच प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला. कणादाच्या सूत्रांतील पाचव्या अध्यायात कर्म म्हणजे गती हा विषय आहे. त्यात हात व मुसळ यांच्या गतीपासून सुटलेल्या बाणाच्या गतीपर्यंत उदाहरणे येतात. बाणाची पहिली गती प्रत्यंचेच्या नोदनामुळे, म्हणजे ढकलण्यामुळे, निर्माण होते. पुढची गती त्या पहिल्या गतीने बाणात उत्पन्न केलेल्या संस्कारामुळे होते आणि संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो, अशी ही मांडणी आहे. सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातील प्रशस्तपादाने संस्काराचे तीन प्रकार सांगितले : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. यांतील वेग हा गती पुढे चालू ठेवणारा संस्कार होय. भावना म्हणजे स्मृतीला कारण होणारा मनावरील ठसा. तर वाकवलेली फांदी सोडताच पूर्ववत होते ती स्थितिस्थापकामुळे. सांख्यकारिकेत याच धारणेचा दृष्टान्त म्हणून उपयोग झालेला आहे. कुंभाराने फिरवणे थांबविल्यावरही चाक जसे पूर्वसंस्काराने काही काळ फिरत राहते, तसे ज्ञान झाल्यावरही ज्ञानी पुरुषाचे शरीर काही काळ टिकून राहते, असे तेथे म्हटले आहे.

वैशेषिकांच्या या मांडणीत न्यूटनचे नियम आधीच सांगितले होते, असा दावा अधूनमधून केला जातो. तो तपासून पाहणे आवश्यक आहे. वैशेषिकांचा संस्कार हा गतीचे कारण आहे. तो वस्तूत उत्पन्न होतो, कार्य करतो आणि नष्ट होतो. न्यूटनच्या नियमात एकसमान गतीला अशा कारणाची गरजच उरत नाही. म्हणून दोन्ही विधाने एक आहेत असे म्हणणे म्हणजे दोहोंचेही वैशिष्ट्य पुसून टाकणे होय. बाण सुटल्यानंतर त्याच्या गतीचे कारण बाहेरील हवेत न शोधता बाणातच शोधणे, ही वैशेषिकांची खरी कामगिरी आहे. ती स्वतःच्या बळावर मोठी आहे आणि तिला न्यूटनच्या नावाचा आधार देण्याचे कारण नाही.

इस्लामी जगात इब्न सीना (९८०–१०३७) याने वस्तूतील या प्रेरणेला ‘मैल’, म्हणजे कल, असे नाव दिले. बाह्य अडथळा नसेल तर हा मैल आपोआप क्षीण होत नाही, असे त्याचे मत होते. बाराव्या शतकातील अबुल बरकात अल बगदादी याने मात्र तो आपोआप ओसरतो असे मानले. प्रेरणा स्वतःहून संपते की अडथळ्यामुळे संपते, हा मतभेद वरवर किरकोळ दिसतो. परंतु पुढील सर्व इतिहासाच्या दृष्टीने तोच कळीचा ठरला.

३. बुरिदानचा इंपेटस

पॅरिस विद्यापीठाचा कुलगुरूपदी राहिलेला अध्यापक जाँ बुरिदान (सुमारे १३००–१३६०) याने या प्रेरणेला ‘इंपेटस’ ही संज्ञा रूढ केली आणि तिला मोजमापाचे रूप दिले. त्याने हवेच्या सिद्धान्ताविरुद्ध दिलेले पुरावे आजही वर्गात मांडण्याजोगे आहेत. भोवरा जागच्या जागी फिरतो. त्याच्या मागे येऊन ढकलण्यास हवेला जागाच नसते, तरी तो फिरत राहतो. ज्या भाल्याचे मागील टोकही पुढच्याइतकेच अणकुचीदार आहे तो मागील टोक बोथट असलेल्या भाल्याइतकाच दूर जातो. वास्तविक अणकुचीदार टोकावर हवेचा जोर बसणार नाही. प्रवाहाविरुद्ध ओढत नेलेली नाव ओढणे थांबविल्यावरही लगेच थांबवता येत नाही आणि तिच्यावर उभ्या असलेल्या नावाड्याला मागून ढकलणारी हवा न जाणवता समोरून अडवणारी हवाच जाणवते.

बुरिदानच्या मते इंपेटसचे प्रमाण वस्तूतील द्रव्याची राशी व तिचा वेग या दोहोंवर अवलंबून असते. म्हणूनच पिसापेक्षा दगड अधिक दूर फेकता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंपेटस हा स्वभावतः टिकाऊ आहे. हवेचा विरोध किंवा वस्तूचे जडपण यांमुळेच तो घटतो. पडणाऱ्या वस्तूत तिचे जडपण सतत नवा इंपेटस भरत राहते, म्हणून ती अधिकाधिक वेगाने पडते. आकाशात विरोध नाही. तेव्हा ईश्वराने निर्मितीच्या वेळी ग्रहगोलांना दिलेला इंपेटस आजतागायत पुरला असेल आणि त्यांना फिरविणाऱ्या देवदूतांची आवश्यकता नसेल, असेही त्याने सुचविले. पृथ्वीवरील भोवरा आणि आकाशातील ग्रह यांना एकच स्पष्टीकरण लागू करण्याचे हे धाडस विशेष उल्लेखनीय होय.

द्रव्यराशी व वेग यांचा गुणाकार पाहून बुरिदानचा इंपेटस म्हणजे आजचा संवेगच, असे वाटण्याचा संभव आहे. येथेही भेद लक्षात घेतला पाहिजे. संवेग हे गतीचे माप आहे, तर इंपेटस हे गतीचे कारण आहे. बुरिदानच्या जगात स्थिर वस्तूला कशाचीही गरज नव्हती आणि गतिमान वस्तूला मात्र इंपेटस लागत होता. स्थिरता आणि गती या दोन वेगळ्या कोटीतील गोष्टी आहेत, हे ॲरिस्टॉटलचे गृहीतक तसेच राहिले होते.

याच शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन महाविद्यालयातील विद्वानांनी, गतीचे कारण बाजूला ठेवून, तिचे केवळ वर्णन गणिताने करण्यास प्रारंभ केला. एकसमान त्वरणाने जाणारी वस्तू दिलेल्या कालावधीत जेवढे अंतर कापते, तेवढेच अंतर ती तिच्या सरासरी वेगाने एकसारखी गेली असता कापेल, हा सिद्धान्त त्यांचा आहे. पॅरिसमधील निकोल ओरेम याने त्याची भूमितीय सिद्धता दिली. तथापि पडणाऱ्या वस्तूला हा सिद्धान्त लावून तो प्रयोगाने तपासावा, ही दिशा या विद्वानांनी घेतली नाही. ते काम गॅलिलिओच्या वाट्याला आले.

४. गॅलिलिओ : उतरणीवरून सपाटीकडे

गॅलिलिओ (१५६४–१६४२) पिसा येथे अध्यापक असताना, इ.स. १५९० च्या सुमारास, त्याने गतीविषयी लिहिलेले लिखाण त्याच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. त्यात वर फेकलेल्या वस्तूमध्ये ठसविलेली प्रेरणा हळूहळू आपोआप ओसरते, असे मत आहे. तापवलेल्या लोखंडातील उष्णता किंवा वाजवलेल्या घंटेतील नाद जसा क्रमाने विरतो, तसे हे घडते, असा दृष्टान्त त्याने दिला. म्हणजे ‘जोर संपला’ हे उत्तर आधुनिक भौतिकशास्त्राच्या जनकानेही एके काळी दिले होते.

पुढे पादुआ येथे त्याने उतरणीवरून गोळा सोडण्याचे प्रयोग केले. इ.स. १६३८ मध्ये लायडन येथे प्रसिद्ध झालेल्या ‘दोन नवी शास्त्रे’ या ग्रंथात त्यांचे वर्णन आहे. सुमारे १२ हात लांबीच्या लाकडी तुळईत एक गुळगुळीत खाच कोरून तिला चर्मपत्राचे अस्तर लावले होते आणि तीतून कठीण, गुळगुळीत ब्राँझचा गोळा सोडला जाई. वेळ मोजण्यासाठी मोठ्या भांड्यातून बारीक धारेने पडणारे पाणी गोळा करून त्याचे वजन केले जाई. प्रयोग शंभर वेळा करूनही कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात आढळले, असे तो सांगतो. अशा साधनांनी एवढी अचूकता शक्य नाही, अशी शंका विसाव्या शतकातील इतिहासकार अलेक्झांडर कोयरे याने घेतली होती. थॉमस सेटल याने इ.स. १९६१ मध्ये तशाच साधनांनी प्रयोग पुन्हा करून ती अचूकता शक्य असल्याचे दाखविले.

जडत्वाच्या दृष्टीने उतरणीचे महत्त्व एका युक्तिवादात आहे. खाली जाणाऱ्या उतरणीवर गोळ्याचा वेग वाढतो, वर जाणाऱ्या चढणीवर तो घटतो. मग ज्या पृष्ठावर चढही नाही आणि उतारही नाही, तेथे वाढीचे कारण नाही आणि घटीचेही नाही. अडथळे दूर केले तर तेथे एकदा मिळालेला वेग तसाच राहिला पाहिजे. हा निष्कर्ष कोणत्याही एका प्रयोगात दिसत नाही. पृष्ठ अधिक गुळगुळीत, गोळा अधिक कठीण, उतार अधिक सौम्य अशा क्रमाने जात जात जेथे प्रत्यक्ष पोहोचता येत नाही अशा टोकाचा विचार करावा लागतो. घर्षणाला गतीच्या स्वरूपातून वेगळे काढून त्याला बाहेरून आलेला अडथळा ठरविणे, ही या युक्तिवादातील निर्णायक पायरी होय.

तरीही गॅलिलिओची सपाटी पृथ्वीच्या पृष्ठाला समांतर, म्हणजे मोठ्या वर्तुळाचाच भाग होती. छोट्या अंतरासाठी त्याने ती सरळ धरली आणि प्रक्षेपित वस्तूचा मार्ग अन्वस्त असतो हे सिद्ध केले. परंतु सरळ रेषेतील अनंत गती हा निसर्गाचा मूलभूत नियम म्हणून त्याने मांडला नाही. त्याचे दुसरे मोठे योगदान इ.स. १६३२ च्या ‘संवादा’तील आहे. एकसमान गतीने चालणाऱ्या गलबताच्या बंद खोलीत फुलपाखरे सर्व दिशांना सारखीच उडतील, टांगलेल्या पात्रातून गळणारे थेंब बरोबर खालच्या भांड्यातच पडतील आणि त्यावरून गलबत चालले आहे की थांबले आहे हे ओळखता येणार नाही, असे त्याने दाखविले. पिएर गासांदी याने इ.स. १६४० मध्ये मार्सेय येथे चालत्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड सोडून तो काठीच्या पायथ्याशीच पडतो, याचा जाहीर प्रत्यय दिला.

५. गती ही अवस्था : बीकमन आणि देकार्त

गलबताचे उदाहरण नीट पाहिले तर स्थिरता आणि एकसमान गती यांतील भेद डळमळू लागतो. हा धागा सर्वसाधारण नियमाच्या पातळीवर नेण्याचे श्रेय दोघांना जाते. डच विद्वान आयझॅक बीकमन याने इ.स. १६१३-१४ च्या सुमारास आपल्या रोजनिशीत, एकदा हललेली वस्तू अडवली गेली नाही तर थांबत नाही, अशी नोंद केली होती. इ.स. १६१८ मध्ये ब्रेडा येथे त्याची तरुण रने देकार्तशी (१५९६–१६५०) भेट झाली आणि दोघांत गतीविषयी चर्चा झाली.

गॅलिलिओला इ.स. १६३३ मध्ये शिक्षा झाल्याचे कळताच देकार्तने आपला विश्वरचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध करण्याचे टाळले. त्याचे नियम इ.स. १६४४ मधील ‘तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे’ या ग्रंथातून लोकांसमोर आले. प्रत्येक वस्तू शक्य तोवर आपल्या त्याच अवस्थेत राहते, हा पहिला नियम. आणि प्रत्येक गतीचा कल सरळ रेषेत जाण्याचा असतो, हा दुसरा. दुसऱ्यासाठी त्याने गोफणीचे उदाहरण घेतले आहे. गोफणीतील दगड वर्तुळात फिरतो, पण प्रत्येक क्षणी त्याचा कल स्पर्शरेषेने निसटण्याकडे असतो. दोरीचा ताण जाणवतो तो त्यामुळेच.

यातील ‘अवस्था’ हा शब्द निर्णायक आहे. वस्तूचा आकार टिकून राहण्यास जसे वेगळे कारण लागत नाही, तसेच गती टिकून राहण्यासही लागत नाही. स्थिरता आणि गती या समान दर्जाच्या अवस्था ठरल्या आणि कारणाची गरज अवस्था बदलण्यापुरती उरली. प्रश्न बदलला तो येथे. देकार्तने या नियमाला दिलेला आधार मात्र ईश्वराच्या अपरिवर्तनीयतेचा होता आणि वस्तूंच्या टकरींविषयी त्याने दिलेले बहुतेक नियम चुकीचे निघाले. ते दुरुस्त करण्याचे काम ख्रिस्तिआन हायगेन्स (१६२९–१६९५) याने केले. त्यासाठी त्याने एकसमान गतीने चालणाऱ्या नावेतील टकरी काठावरून पाहण्याची युक्ती वापरली.

६. न्यूटन : नियम आणि जुनी भाषा

एडमंड हॅली इ.स. १६८४ च्या ऑगस्टमध्ये केंब्रिज येथे आयझॅक न्यूटनला भेटला आणि त्यातून सुरू झालेल्या लेखनाची परिणती इ.स. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त झाली. पहिल्या नियमाच्या स्पष्टीकरणासाठी न्यूटनने तीन उदाहरणे दिली : हवेच्या विरोधाने मंदावणारी व गुरुत्वाने खाली ओढली जाणारी प्रक्षेपित वस्तू, भोवरा आणि ग्रह व धूमकेतू. ही उदाहरणे बुरिदानच्या उदाहरणांशी जवळजवळ जुळतात. उदाहरणे तीच, पण त्यांतून विचारलेला प्रश्न वेगळा आहे.

न्यूटनची भाषा मात्र पूर्णपणे नवी नव्हती. ग्रंथाच्या तिसऱ्या व्याख्येत त्याने जडत्वाला द्रव्याचे अंगभूत ‘बल’ म्हटले आहे. ‘इनर्शिया’ हा शब्द योहानेस केप्लरने (१५७१–१६३०) वापरात आणला होता. त्याच्या लेखी इनर्शिया म्हणजे द्रव्याचा आळस, म्हणजेच थांबून राहण्याची प्रवृत्ती. आपल्याला केप्लरच्या अर्थाचे, वस्तूला स्थिरतेकडे नेणारे बल अभिप्रेत नसून स्थिर वा गतिमान अशा कोणत्याही अवस्थेत टिकून राहणे अभिप्रेत आहे, असे टिपण न्यूटनला आपल्या ग्रंथाच्या प्रतीत हाताने लिहून ठेवावे लागले. शब्द जुना राहिला आणि अर्थ बदलला, तेव्हा खुद्द न्यूटनलाही खुलासा आवश्यक वाटला. दुसऱ्या नियमाचे आजच्या पाठ्यपुस्तकातील वस्तुमान गुणिले त्वरण हे रूपही ‘प्रिन्सिपिया’त आढळत नाही, यामिकीचे सर्वसाधारण तत्त्व म्हणून ते लेओनार्ड ऑयलरने इ.स. १७५० च्या सुमारास मांडले.

७. मराठी परिभाषा आणि वर्गातील अध्यापन

केप्लर-न्यूटन यांच्यातील हा शब्दाचा प्रश्न मराठी वर्गातही उभा राहतो. संस्कृतात ‘जड’ म्हणजे अचेतन. परंतु व्यवहारातील मराठीत ‘जड’ म्हणजे वजनदार. परिणामी ‘जडत्व’ हा शब्द ऐकताच विद्यार्थ्याला वजन आठवते आणि ते स्थिर वस्तूतच असते, असा त्याचा समज होतो. केप्लरचा आळस मराठीत जडपणाच्या रूपाने परत येतो. ‘वेग’ या शब्दाचीही हीच स्थिती आहे. वैशेषिकांच्या लेखी तो गती चालू ठेवणारा संस्कार होता, आज तो केवळ स्थानबदलाचा दर आहे. ‘बल’ ही पारिभाषिक संज्ञा आणि बोलण्यातील ‘बळ’, ‘जोर’, ‘ताकद’ हे शब्द यांच्या सीमारेषाही विद्यार्थ्याच्या मनात अस्पष्ट असतात. परिभाषा बदलणे हा यावरचा उपाय नव्हे. शब्दाचा जुना व नवा अर्थ शेजारी ठेवून दाखविणे हा आहे.

शिक्षणविषयक संशोधनाने या अडचणीला दुजोरा दिला आहे. फ्रान्समध्ये लॉरेन्स व्हिएनो (१९७९) आणि अमेरिकेत जॉन क्लेमंट (१९८२) व मायकेल मॅक्लॉस्की (१९८३) यांच्या अभ्यासांत, वर फेकलेल्या वस्तूवर वर जाताना वरच्या दिशेने बल कार्य करीत असते, अशा स्वरूपाची धारणा भौतिकशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांमध्येही टिकून असल्याचे आढळले. डेव्हिड हेस्टेनेस व सहकाऱ्यांनी इ.स. १९९२ मध्ये याच धारणा तपासण्यासाठी बहुपर्यायी प्रश्नसंच तयार केला. मुंबईत इ.स. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही, १९९० च्या दशकात, गॅलिलिओच्या सापेक्षतेसंबंधी विद्यार्थ्यांच्या पर्यायी संकल्पनांचा अभ्यास झाला आहे.

तथापि विद्यार्थ्याचे मन म्हणजे इतिहासाची छोटी प्रतिकृती होय, असे समजणे घाईचे ठरेल. बुरिदानचा सिद्धान्त सुसंगत होता आणि त्याने आक्षेपांना उत्तरे दिली होती. विद्यार्थ्याच्या धारणा मात्र प्रसंगानुसार बदलणाऱ्या, अनुभवाच्या सुट्या तुकड्यांतून बनलेल्या असतात, असे आंद्रेआ डिसेसा (१९९३) यांनी दाखविले आहे. म्हणून इतिहासाचा उपयोग विद्यार्थ्याचे वर्गीकरण करण्यासाठी न करता त्याच्या उत्तराला पुढचा प्रश्न विचारण्यासाठी करणे अधिक उचित होय.

असे प्रश्न इतिहासाने तयार करून ठेवले आहेत. ‘जोर संपला’ असे उत्तर आल्यास तो आपोआप संपला की कशामुळे संपला, असे विचारता येईल. इब्न सीना आणि अल बगदादी यांच्यातील वाद तोच होता. त्यानंतर कॅरमचे उदाहरण घेता येते. तीच सोंगटी, तीच टिचकी. पण बोर्डावर पावडर टाकली की सोंगटी अधिक दूर जाते. जोर सोंगटीत मावत असता आणि स्वतःहून संपत असता, तर पावडरीने फरक पडण्याचे कारण नव्हते. पावडर अधिकाधिक परिणामकारक होत गेली तर काय होईल, हा प्रश्न विद्यार्थ्याला गॅलिलिओच्या सपाटीपर्यंत नेतो. शेवटी धावत्या रेल्वेच्या डब्यात वर उडवलेले नाणे हातात परत येते तेव्हा नाण्याच्या पुढे जाण्याचे कारण शोधावे लागते का, हा प्रश्न त्याला देकार्तच्या अवस्थेच्या कल्पनेपाशी पोहोचवतो. नियमाचे विधान या सर्वांनंतर आले तर ते उत्तर म्हणून येते. आधी आले तर केवळ पाठांतर म्हणून राहते.

समारोप

जडत्वाच्या नियमाचा इतिहास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, हा नियम अनुभवातून थेट वाचता येणारा नाही. घर्षणरहित जगाची कल्पना करून मिळवावा लागणारा आहे. दुसरी, वस्तूत साठलेल्या प्रेरणेची कल्पना ही अनेक संस्कृतींनी स्वतंत्रपणे किंवा परस्परांच्या आधाराने गाठलेली महत्त्वाची पायरी असून, तिला न्यूटनच्या नियमाचे पूर्वरूप ठरविण्याचा अभिनिवेश आणि निव्वळ चूक ठरविण्याची उपेक्षा ही दोन्ही टोके टाळली पाहिजेत. तिसरी, अंतिम टप्पा हा नव्या निरीक्षणापेक्षा नव्या प्रश्नाचा होता. गती ही स्पष्टीकरणाची बाब न राहता गतीतील बदल ही स्पष्टीकरणाची बाब झाली आणि त्याबरोबर बल या संकल्पनेला आजचा अर्थ मिळाला.

विद्यार्थ्याचे ‘जोर संपला’ हे उत्तर पुसून फळ्यावर नियम लिहिणे सोपे आहे; परंतु तसे केल्याने जुना प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात तसाच राहतो आणि नव्या नियमाला जागा मिळत नाही. फिलोपोनसपासून गॅलिलिओपर्यंतच्या विचारवंतांना ज्या प्रश्नातून मार्ग काढावा लागला, त्यासाठी वर्गात दोन तासिका अधिक देणे ही अभ्यासक्रमाच्या दृष्टीने फार मोठी किंमत नव्हे.